जुन्या पार्टिशनला जर्नल जोडताना: ईएक्सटी२ वरून ईएक्सटी३ कडे, डेटा न पुसता

काम चालू असताना वीज गेली, परत आली, मशीन सुरू केलं आणि मग डिस्क तपासणीचे टक्के मुंगीच्या पावलांनी सरकताना बघत बसावं लागलं, असं तुमच्या बाबतीत घडलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्या एका जुन्या डिस्कवर हे घडलं तेव्हा एक मोठा फोल्डर कॉपी होत होता. तपासणी संपली, डिस्क उघडली, तर 'लॉस्ट+फाउंड' या फोल्डरमध्ये नावं हरवलेल्या फाइल्सचा ढीग होता. प्रत्येकीचं नाव म्हणजे हॅश चिन्ह आणि पुढे एक आकडा. एकेक उघडून कोणती कशाची ते ओळखण्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या स्वतंत्र भागावर, ईएक्सटी२ होती: लिनक्सची जर्नल नसलेली फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत. पुढच्याच दिवशी तिला जर्नल जोडलं. पार्टिशन पुसावं लागलं नाही, फॉरमॅट करावं लागलं नाही, आणि मूळ कमांड एका ओळीची होती.

त्या एका ओळीत सहसा कोणी चुकत नाही. चुका होतात त्या आधीच्या तयारीत आणि नंतरच्या तपासणीत. म्हणून लेखाचा बराचसा भाग त्या दोन गोष्टींनाच दिला आहे.

जर्नल म्हणजे रोजकीर्द

हिशेब लिहिणाऱ्यांची जुनी शिस्त अशी: व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीने खतावणी. खतावताना मध्येच हात थांबला तरी बिघडत नाही, कारण कीर्द बघून खातेवही पुन्हा जुळवता येते. जर्नल असलेली फाइलसिस्टम हेच करते.

एक साधी फाइल वाढली तरी डिस्कवर निदान तीन ठिकाणी बदल होतो. मजकूर एका मोकळ्या ब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या ठरावीक तुकड्यात, जातो. तो ब्लॉक आता व्यापला, ही खूण ब्लॉकच्या नकाशात करावी लागते. आणि हा ब्लॉक या फाइलचा, हे फाइलच्या इनोडमध्ये, म्हणजे तिची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत, लिहावं लागतं. इनोड लिहून झाला पण नकाशातली खूण राहिली आणि तेवढ्यात वीज गेली, तर फाइल म्हणते ब्लॉक माझा आणि नकाशा म्हणतो ब्लॉक मोकळा. उद्या तोच ब्लॉक दुसऱ्या फाइलला दिला गेला की दोन्ही फाइल्स एकमेकींचा मजकूर खराब करणार. ईएक्सटी२ मध्ये असा घोटाळा शोधायला सगळी डिस्क चाळावी लागते, आणि डिस्क जितकी मोठी तितका वेळ जास्त. जर्नल असेल तर हे बदल आधी जर्नलमध्ये एकत्र नोंदले जातात आणि शेवटी 'नोंद पूर्ण' अशी खूण होते. पुन्हा सुरू करताना पूर्ण नोंदी खतावल्या जातात, अर्धवट नोंदी सोडून दिल्या जातात. हे काम बहुतेक वेळा काही सेकंदांत आटोपतं.

ईएक्सटी२ १९९३ साली आली, रेमी कार्ड यांनी लिहिलेली. तिला जर्नल जोडण्याचं काम स्टीफन ट्वीडी यांनी केलं आणि ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.४.१५ या आवृत्तीत दाखल झाली. डिस्कवरची जुनी मांडणी त्यांनी जशीच्या तशी ठेवली, हे फार मोलाचं झालं. जर्नल ही त्याच पार्टिशनवरची एक लपलेली फाइल असते, तिचा इनोड क्रमांक ८. बाकी काहीच हलत नाही. डेटा न पुसता बदल करता येतो तो त्यामुळेच.

कमांड वाचायच्या कशा

इथे सगळ्या कमांड देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. नवी कमांड पहिल्यांदा आली की तिची अक्षरं फोनवर सांगावीत तशी सुटी करून दिली आहेत. मोठं अक्षर असं सांगितलेलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान. हे नीट पाळा, कारण लहान जे आणि मोठं जे यांचा अर्थ वेगळा आहे. उदाहरणासाठी पार्टिशनचं नाव /डेव्ह/एसडीबी१ धरलं आहे: स्लॅश, डी-ई-व्ही, स्लॅश, एस-डी-बी आणि आकडा १. तुमच्याकडे नाव वेगळं असू शकतं. तुमचं नाव कागदावर लिहून ठेवा आणि दर वेळी त्यावरून पडताळा. चुकीच्या पार्टिशनवर बरोबर कमांड चालवणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते बघा

एलएसबीएलके -एफ

अक्षरं: एल-एस-बी-एल-के, जागा, हायफन, एफ. पडद्यावर डिस्क, पार्टिशन, प्रत्येकाची फाइलसिस्टम, यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) आणि ते कुठे माउंट आहे, म्हणजे कोणत्या फोल्डरला जोडलेलं आहे, याचा तक्ता येतो. ईएक्सटी२ दिसली तर पुढे वाचा. ईएक्सटी३, ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस दिसली तर जर्नल बहुधा आधीच आहे, काही करायची गरज नाही. बीटीआरएफएस जर्नलवर चालत नाही, पण जुनं न खोडता नवीन जागी लिहायची तिची रीत हेच काम करते, तिलाही हात लावू नका. व्हीफॅट दिसली तर ती जागच्या जागी ईएक्सटी३ होत नाही. डेटा दुसरीकडे नेऊन फॉरमॅट करणं हाच लिनक्सवरचा मार्ग.

पायरी २: बॅकअप

हे लिहिलेलं सगळे वाचतात आणि बरेच जण पुढे जातात. कृपया जाऊ नका. जर्नल जोडणं सुरक्षित काम आहे, पण जुन्या डिस्कवर काम करताना डिस्कच दगा देऊ शकते, आणि पुढच्या पायरीतली तपासणी तिला बऱ्यापैकी राबवते. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत डिस्क गेली की सोबतच जाते. प्रत झाल्यावर चार-दोन फाइल्स उघडून बघा, त्यातली एखादी मोठी असू द्या.

पायरी ३: अनमाउंट

सुडो युमाउंट /डेव्ह/एसडीबी१

सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, तिने पुढची कमांड अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालते. युमाउंटची अक्षरं यू-एम-ओ-यू-एन-टी. यू नंतर एन नाही. नवखा माणूस हमखास 'अनमाउंट' असं पूर्ण टाइप करतो आणि कमांड सापडत नाही असं उत्तर येतं.

'टार्गेट इज बिझी' असं आलं तर कोणीतरी ते पार्टिशन वापरतंय. बहुतेक वेळा ते तुमचंच टर्मिनल असतं, त्याच फोल्डरमध्ये उभं. सीडी टाइप करून घरच्या फोल्डरमध्ये या, फाइल मॅनेजरची खिडकी बंद करा, पुन्हा प्रयत्न करा. तरीही अडलं तर सुडो फ्युझर -व्हीएम /डेव्ह/एसडीबी१ चालवा. फ्युझर म्हणजे एफ-यू-एस-ई-आर. कोणता प्रोग्रॅम अडून बसलाय ते ती दाखवते.

ज्या पार्टिशनवरून मशीन सुरू होतं, म्हणजे रूट पार्टिशन, ते चालू मशीनवर अनमाउंट होत नाही. त्याचं पुढे वेगळं सांगतो.

पायरी ४: आधी डिस्क धडधाकट आहे ना ते तपासा

सुडो ई२एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीबी१

अक्षरं: ई, आकडा २, एफ-एस-सी-के. जुनी बिघडलेली खातेवही तशीच ठेवून नवी कीर्द सुरू केली तर चूक पुढे चालू राहते, म्हणून ही पायरी. हायफन एफ म्हणजे पार्टिशन ठीक दिसलं तरी सक्तीने पूर्ण तपासा.

तपासणी पाच फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत इनोड, ब्लॉक आणि आकार, दुसरीत फोल्डरची रचना, तिसरीत प्रत्येक फोल्डर मुळापर्यंत पोहोचतो का, चौथीत संदर्भांची मोजणी, पाचवीत एकूण नकाशांचा ताळमेळ. पहिली फेरी सगळ्यात लांब चालते. ती रेंगाळली म्हणून घाबरून खिडकी बंद करू नका. दुरुस्ती करू का असं विचारलं की वाय दाबा. प्रश्न एकामागून एक यायला लागले तर आधी थांबून बॅकअप खरंच पूर्ण आहे ना याची खात्री करा, मगच पुढे जा. आणि वाचता-लिहिता न येण्याच्या तक्रारी, म्हणजे 'इनपुट/आउटपुट एरर', दिसल्या तर इथेच थांबा. ती डिस्क बदलायची वेळ झाली आहे, जर्नल तिला वाचवू शकत नाही.

माउंट असलेल्या पार्टिशनवर ही कमांड कधीही चालवू नका. ती इशारा देते आणि पुढे जाऊ का असं विचारते. उत्तर नेहमी नाही.

काही दुरुस्त्या झाल्या असतील तर हीच कमांड पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी एकही तक्रार न येता ती संपली की पुढे सरकायचं.

पायरी ५: जर्नल जोडा

सुडो ट्यून२एफएस -जे /डेव्ह/एसडीबी१

अक्षरं: टी-यू-एन-ई, आकडा २, एफ-एस. जे लहान. जर्नलचा इनोड तयार होतोय असं सांगणारी एक ओळ येते, तिच्या शेवटी 'डन' उमटतं. झालं.

जर्नल किती मोठं हवं ते प्रोग्रॅम पार्टिशनच्या आकारावरून ठरवतो. लहान पार्टिशनवर काही एमबी, तर आताच्या आवृत्त्यांत १२८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पार्टिशनवर १ जीबी. तेवढी जागा मोकळी असायला हवी, नाहीतर कमांड नकार देईल. काठोकाठ भरलेलं पार्टिशन असेल तर आधी थोडं रिकामं करा. आकार स्वतः सांगायचा असेल तर -जे च्या जागी मोठं जे, मग जागा, मग साइझ=६४ असं लिहा. हा आकडा एमबीमध्ये धरला जातो. खास कारण नसेल तर या फंदात पडू नका, प्रोग्रॅमची निवड चांगली असते.

आता खात्री करा:

सुडो ट्यून२एफएस -एल /डेव्ह/एसडीबी१

लांबलचक यादी येईल. 'फाइलसिस्टम फीचर्स' या ओळीत 'हॅज_जर्नल' हा शब्द शोधा. खाली 'जर्नल इनोड' समोर ८ दिसेल. एलएसबीएलके -एफ पुन्हा चालवली तर आता ईएक्सटी३ असं नाव येतं. यूयूआयडी मात्र पूर्वीचाच राहतो, आणि पुढच्या पायरीत याचा उपयोग होतो.

पायरी ६: एफएसटॅबमधला तिसरा शब्द

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, आणि अडकलोय हे त्यांना कळतही नाही.

कोणतं पार्टिशन कुठे आणि कसं माउंट करायचं हे /ईटीसी/एफएसटॅब (ई-टी-सी, स्लॅश, एफ-एस-टी-ए-बी) या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्येक ओळीत सहा रकाने: पार्टिशनची ओळख, माउंट करायची जागा, फाइलसिस्टम, पर्याय, आणि शेवटी दोन आकडे. तुमच्या जुन्या ओळीत तिसऱ्या रकान्यात ईएक्सटी२ लिहिलेलं असेल. ते तसंच राहिलं तर काय होतं? ईएक्सटी२ च्या ड्रायव्हरला, म्हणजे ती फाइलसिस्टम हाताळणाऱ्या कर्नलमधल्या प्रोग्रॅमला, जर्नल कळत नाही. पार्टिशन मागच्या वेळी नीट बंद झालं असेल तर तो ते निमूट माउंट करतो, जुन्याच पद्धतीने. जर्नल डिस्कवर आहे, पण त्यात एक अक्षरही लिहिलं जात नाही. कर्नलच्या लॉगमध्ये एक इशारा तेवढा पडतो, आणि तो कोणी मुद्दाम बघायला जात नाही. मग पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच टक्के आणि तेच लॉस्ट+फाउंड, आणि माणूस म्हणतो जर्नलचा काही उपयोग नाही.

म्हणून आधी फाइलची एक प्रत ठेवा:

सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुनी

'जुनी'च्या जागी रोमन लिपीत कोणताही शब्द चालेल. मग सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब चालवून ती फाइल उघडा (नॅनो, एन-ए-एन-ओ, हा मजकूर बदलायचा साधा प्रोग्रॅम), आपल्या पार्टिशनची ओळ यूयूआयडीवरून ओळखा आणि फक्त तिसऱ्या रकान्यातला २ खोडून ३ करा. तिथे 'ऑटो' असेल तर काही बदलू नका. सहावा रकाना तपासणीचा क्रम सांगतो: रूट पार्टिशनला १, बाकीच्यांना २. तिथे ० असेल तर सुरू होताना ते पार्टिशन तपासलंच जात नाही. माझं मत विचाराल तर साध्या डेटा पार्टिशनला तिथे २ ठेवावा. जर्नल असताना या तपासणीला फारसा वेळ लागत नाही.

फाइल जतन करून रीबूट करायची घाई करू नका. आधी चालू मशीनवरच पारख करा:

सुडो माउंट -ए

ओळीत चूक असेल तर ती आत्ता, हाताशी चालू मशीन असताना दिसेल.

पायरी ७: जर्नल खरंच वापरात आहे का

सुडो डीएमईएसजी

शेवटच्या काही ओळी वाचा. पार्टिशन 'ऑर्डर्ड डेटा मोड'मध्ये माउंट झाल्याचं लिहिलेलं असेल. हा मोड म्हणजे फाइलचा मजकूर आधी जागेवर जातो आणि मग त्याची नोंद जर्नलमध्ये पक्की होते. तोच मूळचा पर्याय आहे, तोच राहू द्या.

त्याच ओळींत ईएक्सटी४ हे नाव बघून दचकू नका. 'ईएक्सटी३ फाइलसिस्टम ईएक्सटी४ च्या यंत्रणेतून माउंट करत आहे' अशा अर्थाचा तो निरोप असतो. २०१५ मध्ये, लिनक्स ४.३ पासून, ईएक्सटी३ चा वेगळा ड्रायव्हर कर्नलमधून काढला आणि ते काम ईएक्सटी४ च्या ड्रायव्हरकडे दिलं. तुमच्या पार्टिशनची मांडणी त्याने बदललेली नाही.

रूट पार्टिशन असेल तर

ट्यून२एफएस -जे ही कमांड माउंट असलेल्या पार्टिशनवरही चालते. तेव्हा मुळाशी टिंब आणि पुढे 'जर्नल' अशा नावाची फाइल दिसू लागते. ती पुसायचा प्रयत्न करू नका, पुढच्या तपासणीत ई२एफएससीके ती आपोआप लपलेल्या इनोडमध्ये हलवतं. पण चौथी पायरी, म्हणजे सक्तीची तपासणी, माउंट पार्टिशनवर करता येत नाही, आणि ती टाळावी असं मला वाटत नाही. त्यापेक्षा लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे थेट चालणारी लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून, मशीन सुरू करा आणि तिसरी ते पाचवी पायरी तिथून करा. त्यानंतर एक सापळा आहे: लाइव्ह यूएसबीच्या स्वतःच्या /ईटीसी फोल्डरमध्येही एक एफएसटॅब असते. ती बदलून उपयोग नाही. तुमचं रूट पार्टिशन /एमएनटी वर माउंट करा आणि /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब बदला.

थेट ईएक्सटी४ का नाही?

ईएक्सटी४ डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२८ सोबत स्थिर म्हणून आली आणि ती अधिक चांगली आहे यात वाद नाही. ईएक्सटी३ वरून तिकडे जाताही येतं. पार्टिशन अनमाउंट करून:

सुडो ट्यून२एफएस -मोठंओ एक्स्टेंट्स,अनइनिट_बीजी,डीआयआर_इंडेक्स /डेव्ह/एसडीबी१

'मोठंओ' म्हणजे कॅपिटल ओ हे एकच अक्षर. नावांमध्ये फक्त स्वल्पविराम, जागा नाही. यानंतर ई२एफएससीके चालवणं बंधनकारक, या वेळी हायफन, लहान एफ आणि मोठं डी असं. एफएसटॅबमध्ये तिसरा शब्द ईएक्सटी४ करायचा. एक्स्टेंट, म्हणजे सलग ब्लॉक एकाच नोंदीत मांडायची पद्धत, चालू झाल्यावर हे पार्टिशन पुन्हा ईएक्सटी३ म्हणून माउंट होत नाही. आणि जुन्या फाइल्स जुन्याच ब्लॉक पद्धतीने नोंदलेल्या राहतात, नवी मांडणी फक्त नव्या फाइल्सना मिळते. शिवाय जुन्या पार्टिशनवर इनोड १२८ बाइटचे असण्याची शक्यता मोठी, त्यात जानेवारी २०३८ नंतरची तारीख मावत नाही. म्हणून ईएक्सटी४ च हवी असेल आणि बॅकअप तयारच असेल, तर नव्याने फॉरमॅट करून डेटा परत भरावा असं मी सांगेन. जागच्या जागी बदलायचं असेल तर ईएक्सटी३ वर थांबणं शहाणपणाचं.

विंडोजवर फॅट३२ पार्टिशन असेल तर तिथेही डेटा न पुसता जर्नल मिळवता येतं, एनटीएफएसमध्ये जाऊन. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'कन्व्हर्ट डी: /एफएस:एनटीएफएस' असं टाइप करायचं, डी च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर. ड्राइव्हला नाव दिलेलं असेल तर ते विचारलं जातं, ते आधी बघून ठेवा. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवता न येण्याची फॅट३२ ची अडचणही त्यासोबत जाते. मात्र हा रस्ता एकमार्गी आहे, परत फॅट३२ हवी तर फॉरमॅटच करावं लागतं.

ईएक्सटी३ वरून मात्र परत फिरता येतं. नीट अनमाउंट करा, ट्यून२एफएसला कॅपिटल ओ देऊन पुढे ^हॅज_जर्नल असं लिहा, ई२एफएससीके -एफ चालवा, एफएसटॅबमध्ये ३ चा २ करा. ते वरचं टोपीसारखं चिन्ह बहुतेक कीबोर्डवर सहाच्या आकड्यावर असतं.

जर्नलकडून काय अपेक्षा ठेवायची

जर्नल फाइलसिस्टमची रचना सांभाळतं. तुम्ही स्वतः पुसलेली फाइल ते परत देत नाही, आणि वीज जाण्याआधी जतनच न केलेला मजकूरही नाही. नोंदी साधारण दर ५ सेकंदांनी पक्क्या होतात, त्यामुळे शेवटच्या काही क्षणांचं काम जाऊ शकतं. बाहेरची डिस्क अनमाउंट न करता ओढून काढायची सवय असेल तर ती जर्नल जोडल्यावरही सोडायलाच हवी.

पुढच्या वेळी वीज गेलीच, तर मशीन सुरू होताना पडद्याकडे लक्ष ठेवा. पार्टिशनच्या नावापुढे 'रिकव्हरिंग जर्नल' अशी एक ओळ येईल, आणि तिच्या पाठोपाठ 'क्लीन' हा शब्द, फाइल्स आणि ब्लॉकच्या आकड्यांसह. सुरुवातीचा लोगो या ओळी झाकत असेल तर एस्केप दाबून बघा. बहुतेक मशीनवर लोगो बाजूला होतो आणि ओळी वाचता येतात.